उन्हाळ्याचं काम मार्चातच शोधा

उन्हाळी सुटीत काम करायचं असेल तर चौकशी मार्चमध्ये करावी लागते. शेवटचा पेपर देऊन आल्यावर केलेली चौकशी उशिराची. परभणी जिल्ह्यातल्या बऱ्याच पोरांचं इथंच गणित चुकतं. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परीक्षा संपेपर्यंत मे उजाडतो. मग चार दिवस झोप, चार दिवस मामाचं गाव, घरातली दोन लग्नं, आणि त्यानंतर बाजारात फेरी. तोवर दुकानदारानं आपल्या साडूच्या पोराला बोलावून घेतलेलं असतं.

आपलं परभणी काही बारा महिने भोंगा वाजणाऱ्या कारखान्यांचं शहर नाही. इथं काम हंगामानं येतं आणि हंगामानं जातं. मानवत आणि सेलूच्या जिनिंगा कापूस आला की रात्रंदिवस चालतात, पण मे महिन्यात तिथं जाल तर चौकीदाराशिवाय फारसं कुणी भेटणार नाही. गंगाखेड-पाथरीकडच्या साखर कारखान्यांचंही तेच, गाळप हिवाळ्याचं. म्हणून उन्हाळ्यात नक्की काय चालू असतं, हे आधी बघा. माझ्या मते तीन गोष्टी: लग्नसराई, खरिपाची तयारी आणि दाखल्यांची गर्दी. तिन्हींना दरवर्षी जादा हात लागतात आणि तिन्हींची जाहिरात कुठंच येत नाही.

लग्नसराईचं फार सांगायला नको. वाढपी, मंडपवाले, फोटोग्राफरचा मदतनीस, अल्बमचं डिझाईन करणारा, हे सगळं मुलं करतच आलेली आहेत. रोख पैसे त्याच दिवशी मिळतात हा मोठा फायदा. मात्र काम तिथीवर चालतं. पंचांगातून एप्रिल-मेच्या दाट तिथी आधीच लिहून काढा, तेवढेच दिवस कामाचे धरा, बाकीचे रिकामे. ठेकेदाराला दोन गोष्टी निघण्याआधीच विचारायच्या: रोज किती, आणि रात्री परत आणून कोण सोडणार. पूर्णा किंवा पालमच्या बाजूला एखाद्या वस्तीवर लग्न असलं आणि रात्री साडेअकराला ठेकेदाराचा टेम्पो भांड्यांनी भरून निघून गेला, तर मिळालेला रोज परतीच्या वाटेवरच संपतो.

कृषी सेवा केंद्राचं काम मला या सगळ्यांत चांगलं वाटतं. अक्षय तृतीया झाली की बियाण्यांचे ट्रक उतरायला लागतात, २५ मेच्या सुमारास रोहिण्या लागतात, ७ जूनच्या आसपास मृग. या महिना-दीड महिन्यात परभणीच्या मोंढ्यापासून जिंतूरच्या बाजारापर्यंत प्रत्येक दुकानात माणूस कमी पडतो. गोण्या उतरवणं, स्टॉक लिहिणं, बिल करणं, खताच्या पॉस मशीनवर शेतकऱ्याचा अंगठा घेणं अशी ही कामं. शेतकऱ्याच्या पोराला यातलं निम्मं येतंच, उरलेलं दोन दिवसांत येतं. बिलावर बियाण्याचा लॉट नंबर बिनचूक लिहायची सवय तेवढी लावून घ्या. बी उगवलं नाही आणि शेतकऱ्यानं तक्रार केली, तर त्या वेळी तो कागदच कामाला येतो.

या कामाची तयारी फुकटात होते. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ ला स्थापन झालं आणि दरवर्षी १८ मेच्या सुमारास तिथं खरीप मेळावा भरतो. जिल्ह्याजिल्ह्यातून शेतकरी बियाण्यासाठी येतात, कंपन्यांचे आणि दुकानदारांचे स्टॉल लागतात. त्या दिवशी नुसतं फिरा. एमएयूएस ७१ आणि एमएयूएस ६१२ या सोयाबीनच्या वाणांत फरक काय, बीडीएन ७११ तूर लोक का मागतात, हे शेतकऱ्यांच्याच तोंडून ऐका. एवढं कानावर असलेला पोरगा दुकानात उभा राहिला की मालकाला दोन वाक्यांत कळतं. फवारणीच्या औषधाबाबत मात्र आपल्या मनानं सल्ला देऊ नका, कितीही घाई असली तरी. ‘मालकाला विचारतो’ म्हणायला लाज कसली? चुकीची बाटली दिली तर एखाद्याचं अख्खं पीक जळतं. बीएस्सी ॲग्रीच्या मुलांना तर हे काम पुढंही उपयोगी पडेल, कारण खत-औषधांच्या दुकानाचा परवाना काढायला शेतीचं शिक्षण लागतं, आणि शिक्षण असूनही काउंटरवर कधीच न बसलेले पदवीधर थोडेथोडके नाहीत.

तिसरं काम दाखल्यांचं. बारावीचा निकाल लागला की आपले सरकार सेवा केंद्रांवर आणि तहसीलसमोरच्या दुकानांत झुंबड उडते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, वय-अधिवास. बाप शेत सोडून सकाळी आठलाच रांगेत उभा आणि पोरगं फोनवर ओटीपी शोधतंय, असं चित्र जुलैपर्यंत चालतं. केंद्रवाल्याला यात हवा असतो मराठी टायपिंग येणारा, डोकं शांत ठेवणारा माणूस. नुसत्या एमएस-सीआयटीच्या प्रमाणपत्रावर भागत नाही, युनिकोडमध्ये भराभर मराठी टाइप करता आलं पाहिजे. मार्चपासून रोज अर्धा तास दिला तर मेपर्यंत हात बसतो. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज स्वतः भरला असेल, तर फोटो आणि सही किती केबीत बसवायची, टीसीवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नसलं तर काय होतं, हे तुम्हाला अनुभवानं माहीत आहे. तेच केंद्रवाल्याला सांगा, ती तुमची पात्रताच आहे. आणि एक पथ्य पाळा: लोकांची आधार कार्डं, बँक पासबुकं आपल्या मोबाइलमध्ये ठेवायची नाहीत. व्हॉट्सॲपवर आली तर काम होताच पुसून टाका. केंद्राचं लॉगिन ज्याच्या नावावर आहे त्याच्या माघारी ते वापरू नका.

आता विचारायचं कसं. दुकानात जायची वेळ दुपारी तीनची. ऊन असतं, गिऱ्हाईक नसतं, मालक पंख्याखाली मोकळा बसलेला असतो. एकट्यानं जायचं. चार मित्रांच्या टोळक्यात काम मागणाऱ्याला कुणीही गल्ल्याजवळ उभं करत नाही. बोलणं असं असावं: “काका, मी ज्ञानोपासकला बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझे पेपर अमुक तारखेला संपतात. तिथून कॉलेज उघडेपर्यंत रोज येऊ शकतो. मराठी टायपिंग येतं, गाडी चालवता येते, लायसन आहे. दोन दिवस बघा, जमलं तर ठेवा.” तारीख सांगणारा पोरगा मालकांना क्वचित भेटतो, म्हणून तो लक्षात राहतो.

पलीकडून पहिला प्रश्न बहुधा कामाचा नसतोच. “गाव कोणतं? आडनाव काय? कुणाचा तू?” आपल्याकडं ओळख अशीच काढतात. त्यात आपुलकी किती आणि जात चाचपणं किती, हे विचारणाऱ्यावर अवलंबून. सरळ उत्तर द्या आणि बोलणं लगेच कामावर आणा. त्या उत्तरानंतर ज्याचा चेहरा बदलतो, त्याच्याकडं महिनाभर राबण्यापेक्षा पुढचं दुकान बघितलेलं बरं. दुकानं पुष्कळ आहेत.

पैशाचं बोलणं पहिल्याच दिवशी करा. रोजावर की महिन्यावर, जेवणाची सुटी किती, खाडा पडला तर किती कापणार, रविवारचं काय. ‘बघू नं, आपलंच दुकान आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. हसत हसत पुन्हा विचारा. वहीत तारीखवार हजेरी लिहा, आणि जमलं तर आठवड्याला हिशोब मागा. महिनाअखेरीस दोघांनाही काही आठवत नसतं. उचल घेऊ नका. ऊसतोडीच्या घरातल्या मुलांना याचं कारण वेगळं सांगायला नको. बरीच माणसं कामाला असलेली मोठी दुकानं २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमात येतात. त्यात दिवसाच्या तासांना मर्यादा आहे, आठवड्याला ४८ तासांची, आणि वरच्या तासांना दुप्पट दर. हा कायदा दाखवून भांडायला जायचं नसतं, पण आपण किती तास उभे राहिलो हे वहीत असलेलं बरं.

मुलींसाठी दोन शब्द वेगळे. घरून ‘नाही’ येतं ते बहुतेक वेळा कामाला नसतं, न बघितलेल्या जागेला असतं. आईला किंवा मोठ्या भावाला एकदा त्या दुकानात, दवाखान्याच्या काउंटरवर, क्लासमध्ये घेऊन जा. मालकाच्या घरच्या बाईशी ओळख करून द्या. निम्मा विरोध तिथंच मावळतो. येण्याजाण्याचा खर्चही आता मोठी अडचण राहिलेली नाही, १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे. गावाला जाणारी शेवटची गाडी किती वाजता सुटते, हे मात्र काम स्वीकारण्याआधी मालकाला सांगून ठेवा आणि त्याआधी अर्धा तास सुटी पक्की करून घ्या. मुलांना हा अर्ध्या तिकिटाचा फायदा नाही. विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत मिळते, पण कॉलेज बंद असताना त्या पासावर भिस्त ठेवू नका. पूर्ण भाड्याचा हिशोब आधी करा. रोज साठ रुपये बसला आणि तीस रुपये चहा-नाश्त्याला गेले, तर तीनशेच्या रोजात घरी दोनशे दहाच पोचतात.

पुण्याला जाऊ का, हा प्रश्न दरवर्षी निघतो. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण आपल्याकडं थट्टेनं म्हणतात, पण रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये बसणाऱ्या कित्येक पोरांनी ती खरीच धरलेली असते. चाकण, रांजणगावला ठेकेदारामार्फत हेल्परचं काम मिळतं, हे खरं. पण दीड महिन्याच्या सुटीत पहिला आठवडा जागा शोधण्यात जातो, खोलीचं डिपॉझिट आधी भरावं लागतं, पगार पुढच्या महिन्यात होतो आणि तो यायच्या आत तुमचं कॉलेज उघडलेलं असतं. शिवाय मधेच सोडलं म्हणून ठेकेदार काही ना काही कापतोच. बहीण किंवा काका पुण्यात राहत असतील तर जा. नाहीतर पदवी होईपर्यंत थांबा. ज्यांनी आधी असं काम केलं असेल त्यांनी आपला पीएफचा यूएएन क्रमांक जपून ठेवावा. पैसे थोडे असले तरी आपलेच असतात.

सरकारी योजनांचंही एक सांगून टाकतो, म्हणजे फेऱ्या वाचतील. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेच्या नियमांत शिक्षण चालू असलेले उमेदवार बसत नाहीत. बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआय-पदविकावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन अशी ती योजना होती. सुटीतल्या विद्यार्थ्यासाठी ती नव्हतीच. त्यापेक्षा आपल्याच कॉलेजच्या कार्यालयात ‘कमवा व शिका’ची चौकशी करा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, तिच्यातून रुजलेली ही कल्पना आज विद्यापीठांच्या योजनेत आहे. ग्रंथालय, प्रयोगशाळा, बागकाम अशी कामं तासावर मिळतात. प्रवेशाच्या दिवसांत तर कॉलेजलाच अर्ज तपासायला हात हवे असतात. नव्या शैक्षणिक धोरणात ऑन जॉब ट्रेनिंगला श्रेयांक आहेत. सुटीतलं काम त्यात धरता येईल का, हे विभागप्रमुखांना काम सुरू करण्याआधी विचारा. नंतर आणलेलं पत्र बऱ्याचदा चालत नाही.

फसवणुकीचे प्रकार आता गावोगाव पोचलेत. नोकरी देणारा आधी पैसे मागतो, म्हणजे ती नोकरी नाही. नोंदणी फी, गणवेशाची फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, नाव काहीही असो. व्हिडिओला लाइक करा आणि पैसे मिळवा, यात पहिले दीडशे रुपये खरोखर येतात, पुढचे पंधरा हजार तुमचे जातात. ‘तुझं बँक खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो’ असं कुणी म्हणालं तर त्याच्याशी बोलणंच बंद करा. त्या खात्यातून चोरीचा पैसा फिरतो आणि पोलीस येतात ते तुमच्या दारात. पैसे गेलेच तर लाजून बसू नका, ताबडतोब १९३० ला फोन लावा, पहिले काही तासच महत्त्वाचे असतात. आणि एक ओळखीचा प्रकार: वर्गातलाच मित्र अचानक टाय लावून येतो, ‘एका सेमिनारला चल, लाइफ बदलेल’ म्हणतो. तिथं टाळ्या फार वाजतात. आधी पैसे भरा, मग आणखी दोघांना आणा, अशी ती साखळी असते. मित्राला नाही म्हणणं जड जातं, पण भरलेले पैसे परत मागणं त्याहून जड.

मित्रांचा विषय निघालाच आहे. काम बघायचं म्हणून कट्टा सोडायचा, असं घरचे सांगतात. मला ते पटत नाही. वसमत रोडच्या चहाच्या टपरीवर, अभ्यासिकेच्या जिन्यात, पोलीस भरतीचा सराव चालतो त्या मैदानावर कोणत्या दुकानातला पोरगा सोडून चाललाय ही बातमी सगळ्यात आधी येते. कट्ट्यावर बसा, फक्त ‘मी काम बघतोय’ हे तिथं मोठ्यानं सांगा. आपल्याकडच्या पोरांना बेरोजगार म्हणवून घ्यायची लाज वाटत नाही, काम शोधतोय म्हणायची वाटते.

खर्च टाळायचा असेल तर तो वाढदिवसांत टाळा. रात्री बाराला केक, वर फटाके, चौकात बॅनर आणि त्याची वर्गणी. एका ग्रुपमध्ये पंधरा जण असले तर वर्षाला पंधरा वर्गण्या झाल्या. केकला द्या, बॅनरला सरळ नाही म्हणा. आपला चेहरा चौकात टांगल्यानं कुणाला काम लागल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

फिरायला मात्र जा, आणि आपल्याच जिल्ह्यात जा. परळी वैजनाथच्या रेल्वेमार्गावर पोखर्णी नृसिंह आणि पुढं गंगाखेड ही स्थानकं लागतात. सकाळच्या गाडीनं निघालं तर पोखर्णीचं नृसिंह मंदिर किंवा गंगाखेडला गोदावरीचा घाट आणि जनाबाईंचं मंदिर बघून दुपारी घरी येता येतं, खर्च एका पिझ्झ्यापेक्षा कमी. जिंतूरजवळ नेमगिरीच्या टेकडीतली जैन लेणी आहेत, जिंतूर-जालना रस्त्यावर चारठाण्याची जुनी मंदिरं. स्थापत्य बघायचं असेल तर चारठाण्याला शांतपणे दोन तास द्यावेत, आणि सोबतच्यांना रील काढायची घाई असेल तर त्यांना न्यायचंच नाही. पाथरी तालुक्यात मुद्गल गोदावरीकाठी. पूर्णा नदीवरचं येलदरी धरण सगळ्यांच्या आवडीचं, पण तिथं पाण्यात उतरू नका. पोहता येणारेही धरणाच्या पाण्यात बुडतात, कारण खाली कुठं खड्डा आणि कुठं गाळ हे वरून दिसत नाही. मे महिन्यात परभणीचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो. त्यामुळं निघायचं पहाटे पाचला आणि अकराच्या आत सावलीत यायचं. दुचाकीवर तिघं बसून जाणं हा बचतीचा मार्ग नव्हे, दंडाची रक्कम बसच्या तीन तिकिटांहून मोठी असते.

हाच उन्हाचा नियम कामालाही लावा. घरपोच डिलिव्हरीचं काम घेणार असाल तर दुपारी बारा ते चारची पाळी शक्यतो टाळा, संध्याकाळची मागा. पैसे थोडे कमी मिळतील, पण चार दिवस सलाइनवर काढले तर तेही राहत नाहीत.

परभणीत खोली करून राहणाऱ्यांनी सुटीचा आणखी एक हिशोब आधी मांडावा. मुलं गावाला गेली की मे महिन्यात बऱ्याच खानावळी बंद होतात. खोलीचं भाडं मात्र चालू राहतं. दोघा-तिघांनी मिळून एकाच खोलीत सुटी काढायची, गॅस आणि तांदूळ-डाळ घरून आणायची आणि बाकीच्या खोल्या सोडायच्या, हे मार्चमध्येच ठरवून घरमालकाला सांगितलं तर तो ऐकतो. मे उजाडल्यावर सांगितलं तर ऐकत नाही.

काम सोडायची तारीख मालकाला पहिल्या दिवशी सांगितलेली असली तरी आठवडाभर आधी पुन्हा आठवण द्या. पाऊस लांबला आणि दुबार पेरणीची वेळ आली, तर कृषी केंद्राची गर्दी जुलैतही सरत नाही आणि मालक थांबवून घेतो. तेव्हा कॉलेज बुडवू नका, दुपारनंतरचे चार तास कबूल करा. निघताना दुकानाच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून घ्या: कधीपासून कधीपर्यंत, काय काम केलं. आणि दिवाळीचं तेव्हाच विचारून ठेवा. कापड आणि मोबाइलच्या दुकानांना दिवाळीआधी पंधरा दिवस जादा माणूस लागतो, आणि ते ओळखीच्या, हिशोबाला चोख पोराला आधी फोन करतात. त्या पंधरा दिवसांचा पगार मात्र महिन्याच्या हिशोबानं नको, रोजावर ठरवा, आणि रात्री दुकान दहानंतर चालू राहिलं तर पुढचे तास वेगळे.